ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमधला ट्रेक: आखणी परतीच्या वाटेपासून सुरू करा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पाच मित्र, वयं ३८ ते ५२, सह्याद्रीत पंधरा-वीस वर्षं सॅक पाठीवर घेऊन फिरलेले. ऑक्टोबरच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात कुलू जिल्ह्यातल्या ग्रेट हिमालयन नॅशनल पार्कमध्ये तीर्थन नदीच्या उगमापर्यंत, म्हणजे तीरथपर्यंत जायचं आहे. डोंगरात सहा दिवस आहेत. ट्रेक कंपनी नको, सगळं स्वतः करायचं आहे. एकाला रक्तदाबाची गोळी चालू आहे. आखणी कशी करावी, काय न्यावं, आणि गाईड लागतोच का?

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. सहा दिवसांत तीरथ करू नका. आठ दिवस काढता येत असतील तर तीरथ, नाहीतर त्याच वाटेवरचे अलीकडचे टप्पे, रोला, शिल्ट आणि रखुंडी, एवढंच करा आणि ते निवांत करा. कंपनी नको हे ठीक, पण स्थानिक गाईड आणि पोर्टर घ्याच.

तुम्ही पाठवलेला आराखडा मी नीट पाहिला. मुक्काम, किलोमीटर, जेवणाचा मेनू, सगळं त्यात आहे. एक गोष्ट नाही: चौथ्या दिवशी कुणाचा पाय मुरगळला तर तो रस्त्यापर्यंत कसा आणि किती तासांत पोचेल. वीस-बावीस वर्षं हिमालयात गट नेल्यावर मी आता आराखड्याची सुरुवातच तिथून करतो. प्रत्येक मुक्कामापुढे दोन आकडे लिहितो. धडधाकट माणसाला तिथून गाडीरस्त्यापर्यंत किती तास, आणि एकाला आधार देत किंवा उचलून आणायचं झालं तर किती तास. दुसरा आकडा दोन दिवसांच्या वर गेला की तो मुक्काम का घेतोय याचं कारण मला स्वतःला पटवून द्यावं लागतं.

हे मी शिकलो ते शिल्टहून रोल्याला उतरताना. आमच्यातला एक जण, पंचेचाळिशीचा, रोज पाच किलोमीटर पळणारा. खरशू ओकाची पानं रात्रीच्या दवानं भिजलेली होती. त्यावरून टाच सरकली आणि घोटा आतल्या बाजूला वळला. वेळ सकाळी अकराची. ती उतराई आम्हाला एरवी साडेतीन तासांची. पहिला अर्धा तास तो दोन काठ्यांवर चालला, मग पाय टेकवेना. आमच्या पोर्टरनं सामान बांधायची दोरी काढली, मोठी गुंडाळी केली, गुंडाळीचे दोन भाग करून त्यात त्याचे पाय घातले आणि स्वतःचे हात उरलेल्या फासांत घालून त्याला सॅकसारखा पाठीवर घेतला. मांडीखाली दोरी रुतू नये म्हणून लोकरीची शाल दुमडून घातली. दर शंभर-दीडशे पावलांना माणूस बदलायचा. रोल्याला पोचलो तेव्हा अंधार पडून तास झाला होता. दुसरा अख्खा दिवस रोल्याहून गाडीरस्त्याला यायला लागला. साडेतीन तासांचे नऊ झाले, आणि हे हवा उत्तम असताना, चांगल्या मळलेल्या वाटेवर, चार तगडी माणसं हाताशी असताना. तोच घोटा शिल्टच्या पुढे दोन मुक्कामांवर वळला असता तर काय, हा हिशेब मी त्या रात्री रोल्याला बसून केला आणि पुढचे सगळे आराखडे बदलले.

आता या जागेबद्दल. हिमाचल सरकारनं १९८४ मध्ये पार्क ठरवलं, अंतिम अधिसूचना १९९९ ची, आणि २०१४ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत नाव आलं. पार्क ७५४ चौरस किलोमीटरचं, शेजारी सैंज आणि तीर्थन ही अभयारण्यं, आणि पश्चिमेला गावांचा पट्टा, ज्याला इको-झोन म्हणतात. आत गाडीरस्ता नाही, हॉटेलं नाहीत, चहाची टपरी नाही, मोबाइलला रेंज नाही. पूर्वेच्या टोकाला बर्फाचे डोंगर सहा हजार मीटरच्या आसपास जातात, त्यामुळे तिकडून बाहेर पडायला तुमच्या-माझ्यासारख्यांना वाट नाही. ज्या नदीच्या काठानं वर जाल, तिच्याच काठानं खाली यायचं. सह्याद्रीत एका सोंडेनं चढून दुसऱ्या नाळेनं भलत्याच गावात उतरायची आपल्याला सवय असते. वाट चुकली तरी तीन-चार तासांत कुठल्यातरी वाडीत दिवा दिसतो. तुमच्या अनुभवाचा मान ठेवून सांगतो, हीच सवय इथे घात करते. इथे खालच्या दिशेनं कुठल्याही नाल्यात उतरलात तर शेवटी कडा किंवा घळ लागते.

तीर्थनच्या वाटेचा कणा असा आहे. गुशैणी साधारण १६०० मीटरवर. तिथून नदीच्या काठानं दहा-बारा किलोमीटरवर रोला, साधारण २१०० मीटर; पार्कचं फाटक याच भागात. रोल्याहून सरळ अंगावर येणारा चढ चढून शिल्ट, ३१०० च्या आसपास. शिल्टच्या डोक्यावर रखुंडीचा माळ, सुमारे ३६०० मीटर. शिल्टच्या पुढे वाट उंचावरून आडवी, चढ-उतार करत नाडा थाचकडे आणि मग तीरथला जाते. तीरथ चार हजारांच्या आसपास आहे. थाच म्हणजे उंचावरचं गवताळ कुरण, जिथे पूर्वी मेंढ्या येत. ही आडवी वाट दिसायला सोपी, पण मागे फिरायचं झालं तर मधले चढ पुन्हा चढावे लागतात. आजारी माणसाला खाली न्यायला निघालात तरी आधी वर न्यावं लागतं, म्हणून मी शिल्ट ही तुमच्या ट्रेकची रेघ मानतो. शिल्टपर्यंत काही झालं तर थेट एक हजार मीटर खाली रोला आहे. शिल्टच्या पुढे ती सोय संपते.

उंचीचं गणित इथेच सांगतो. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर काढावी, हा जगभर मान्य असलेला नियम आहे. चार हजारांवर श्वासागणिक मिळणारा ऑक्सिजन समुद्रसपाटीच्या साधारण साठ टक्के असतो. तुमच्या आराखड्यात पहिली रात्र रोला २१००, दुसरी शिल्ट ३१००, तिसरी नाडा, चौथी तीरथ. समुद्रसपाटीजवळ राहणारी, रात्रभर बसमध्ये बसून आलेली पाच माणसं चौथ्या रात्री चार हजारांवर झोपणार. पाचांतल्या एकाला तरी त्रास होणार असं धरूनच चाला. कोणाला होईल ते आधी कळत नाही. तब्येत, तालीम, वय यांचा फारसा संबंध नसतो. माझ्या गटांत सगळ्यात आधी आडवे झालेले बहुतेक वेळा सगळ्यात जोरात चालणारे होते.

म्हणून शिल्टला दोन रात्री. मधल्या दिवशी रखुंडीला जाऊन परत शिल्टला झोपायचं. उंच जाऊन खाली झोपल्यानं शरीर रुळतं, आणि तो दिवस वाया जात नाही; उलट पूर्ण ट्रेकमधला सगळ्यात मोठा देखावा त्याच माळावरून दिसतो.

त्रास ओळखायचा कसा? डोकं दुखणं, मळमळ, जेवण नकोसं होणं, ही सुरुवात. अशी लक्षणं असतील तर त्या दिवशी वर जायचं नाही, एवढं सरळ. पाणी, विश्रांती, हवी तर साधी डोकेदुखीची गोळी. लक्षणं वाढली तर खाली. दोन गोष्टींना मात्र सकाळची वाट पाहायची नाही. एक, माणूस स्वस्थ बसलेला असताना धापा टाकतोय, खोकतोय, आडवं झाल्यावर जास्त गुदमरतोय. दोन, चालताना झोकांड्या जातायत किंवा बोलणं असंबद्ध होतंय. मी संध्याकाळी जेवणाआधी सगळ्यांना सपाटीवर एका पायाची टाच दुसऱ्याच्या अंगठ्याला लावत दहा पावलं सरळ रेषेत चालायला लावतो. ज्याला जमत नाही त्याला तेव्हाच्या तेव्हा, रात्र असली तरी, टॉर्च लावून खाली घेऊन जायचं. औषधं आहेत, पण ती खाली उतरण्याला पर्याय नाहीत.

रक्तदाबवाल्या मित्राबद्दल. गोळ्या नियमित असतील आणि दाब आटोक्यात असेल तर बहुतेक डॉक्टर मनाई करत नाहीत. त्यांनी डॉक्टरांकडे एवढंच बोलून थांबू नये की ट्रेकला चाललोय. झोपायची उंची किती, किती रात्री, दवाखाना किती तासांवर, हे कागदावर लिहून दाखवावं. अॅसिटाझोलामाइड, ज्याला सगळे डायमॉक्स म्हणतात, उंचीच्या त्रासाच्या प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाईच्या आदल्या दिवसापासून देतात. ते लघवी वाढवणारं औषध आहे, आणि रक्तदाबाच्या काही गोळ्याही तशाच असतात. सल्फा औषधांची अॅलर्जी असेल तर तीही सांगायला हवी. हा निर्णय त्यांच्या डॉक्टरांचा. तुम्ही मेडिकलमधून गोळ्यांची पट्टी आणून पाचांत वाटून घेऊ नका.

चालण्याचे तास तुम्ही किलोमीटरवरून काढलेत, तिथे मोठी चूक आहे. नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकानं १८९२ मध्ये दिलेला ठोकताळा अजून उपयोगी पडतो: ताशी पाच किलोमीटर, आणि वर दर सहाशे मीटर चढाईला एक तास जास्त. रोला ते शिल्ट आठ किलोमीटर धरलं तर दीड तासाच्या थोडं वर, अधिक हजार मीटर चढाईचा पावणेदोन तासांच्या जवळ, म्हणजे सव्वातीन तास. हे रिकाम्या हातानं, न थांबता. पाठीवर सॅक, फोटो, पाणी, उंची, गटातला सगळ्यात हळू चालणारा, हे सगळं मिळून मी दुप्पट करतो. साडेसहा तास. तुमच्या कागदावर तीन लिहिलेत. ऑक्टोबरच्या मध्यावर कुलूकडे सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो, पण दरीत ऊन चारलाच संपतं आणि सकाळीही उशिरा येतं. आठला निघून तीनच्या आत तंबू लागला पाहिजे, असा दिवस बसवा.

ऋतू तुम्ही चांगला निवडलाय. पावसाळ्यात या खोऱ्यांत पाऊल टाकू नये. जुलै २०२३ च्या पुरात शेजारच्या सैंज बाजाराचं काय झालं ते तुम्ही बातम्यांत पाहिलं असेल. मे-जूनमध्ये जंगल सुंदर असतं, पण वरच्या नाल्यांत बर्फ असतं आणि वितळलेल्या पाण्यानं ओढे दुपारनंतर फुगतात. ऑक्टोबरमध्ये पाणी कमी, आकाश स्वच्छ, गवत तांबूस झालेलं. पण याच महिन्यात पश्चिमेकडून येणारा एखादा विक्षोभ, म्हणजे पाऊस-बर्फ आणणारं वादळी हवामान, सगळं उलटं करतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये १८ तारखेच्या आसपास उत्तराखंडात जो पाऊस आणि वर बर्फ पडलं, त्यात हर्सिलहून लमखागा खिंडीमार्गे चितकुलला निघालेल्या गटातले अनेक जण गेले. हवामान खात्यानं इशारा आधी दिला होता. ते तोवर डोंगरात होते. ही गोष्ट मी प्रत्येक गटाला सांगतो, कारण त्यातली अडचण आपलीही आहे. एकदा गुशैणी सोडली की पुढच्या हवामानाचा अंदाज आपल्यापर्यंत पोचत नाही.

यावर उपाय दोन. निघायच्या आदल्या संध्याकाळी भारतीय हवामान खात्याचा पाच दिवसांचा अंदाज बघायचा, कुलू जिल्ह्याचा, मनालीच्या पर्यटनाच्या ॲपमधला नाही. पिवळा इशारा असेल तर रोल्यापर्यंतच जायचं आणि बघायचं. केशरी किंवा लाल असेल तर गुशैणीतच थांबायचं. तीर्थनच्या काठी दोन दिवस काढणं ही काही शिक्षा नाही. दुसरा उपाय म्हणजे गाईडची नजर. पश्चिमेकडचे ढग, वाऱ्याची दिशा, पक्षी-जनावरं खाली सरकणं, हे तो वाचतो. तो म्हणाला ‘कल मौसम ठीक नहीं लगता’ तर त्याच्याशी वाद घालायचा नाही.

आता गाईडबद्दल, कारण तुमचा सूर असा दिसला की आम्ही अनुभवी आहोत, नकाशा आणि मोबाइलवर ट्रॅक आहे, मग कशाला. ट्रॅक चार वर्षांपूर्वीचा असतो. नाल्यावरचे लाकडी ओंडक्यांचे पूल दर पावसाळ्यात जातात आणि दुसऱ्याच जागी बांधले जातात. दरड कोसळली की वाट शंभर मीटर वरून वळसा घेते आणि तो वळसा मळलेला होईपर्यंत फक्त तिथल्या लोकांना माहीत असतो. हे झालं तुमच्या फायद्याचं. दुसरंही आहे. १९९९ च्या अधिसूचनेनंतर पार्कमध्ये मेंढ्या चारायला, गुच्छी अळंबी आणि जडीबुटी गोळा करायला आजूबाजूच्या गावांना बंदी झाली. नुकसानभरपाई मिळाली, पण पिढ्यान्‌पिढ्या ज्या थाचांवर यांचे आजे उन्हाळा काढत ती जागा यांच्या हातून गेली. आज गाईड-पोर्टर म्हणून येणारे बरेचसे याच घरांतले आहेत. नाडाची वाट त्यांना नकाशावरून येत नाही, लहानपणी बापामागे कोकरं हाकत गेल्यामुळे येते. आपण त्यांच्या अंगणात चाललोय, आणि त्यांच्या रोजगारावर पैसे वाचवायला बघणं मला योग्य वाटत नाही.

पाच जणांना एक गाईड आणि तीन-चार पोर्टर लागतील. एका पोर्टरच्या पाठीवर वीस किलोच्या वर वजन द्यायचं नाही, वजनकाटा बरोबर ठेवा. त्यांचे तंबू, स्लीपिंग बॅगा, पावसाचे कपडे, बूट नीट आहेत का हे निघण्याआधी स्वतः बघा. नसतील तर भाड्यानं घ्या. तो तुमच्या खर्चाचा भाग आहे. रेशनचा हिशेब करताना डोकी पाच धरलीत, ती नऊ-दहा धरा. माणशी रोज सुकं रेशन सहाशे-सातशे ग्रॅम, आणि सगळं मिळून दीड दिवसाचं जादा. साडेतीन हजारांवर पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळतं, डाळ शिजता शिजत नाही, तेव्हा छोटा प्रेशर कुकर न्या. लाकूड जाळायचं नाही. वरची भोजपत्राची झाडं फुटभर वाढायला किती वर्षं घेतात हे पाहिलं की हात धजावत नाही. स्टोव्ह आणि पुरेसं इंधन बरोबरच न्यायचं. विमानानं येत असाल तर गॅसचे डबे नेता येत नाहीत हे लक्षात ठेवा.

परवाना लागतो. पार्कचं मुख्य कार्यालय कुलूजवळ शमशीला आहे. तीर्थनच्या बाजूनं जाणाऱ्यांना बंजार आणि गुशैणीच्या मध्ये साई रोप्याचं केंद्र सोयीचं. सगळ्यांची ओळखपत्रं, त्यांच्या प्रती आणि मार्गाचे दिवस लिहून न्या. शुल्क आणि गटाच्या संख्येचे नियम बदलत राहतात, तेव्हा महिनाभर आधी फोन करून विचारा आणि आठवडाभर आधी पुन्हा विचारा. कार्यालयाची सुट्टी आणि तुमचा येण्याचा दिवस एकच येऊ देऊ नका. दसऱ्याच्या दिवसांत कुलूत देवतांची मोठी जत्रा असते, आणि तेव्हा गाईड, पोर्टर, गाड्या सगळंच अवघड होतं. ऑक्टोबरच्या तारखा ठरवताना पंचांगात दसरा बघा. कुलूचा दसरा आपला दसरा संपतो त्या दिवशी सुरू होतो आणि आठवडाभर चालतो.

पोचायचं कसं हे सोपं आहे. दिल्ली किंवा चंदीगडहून मनालीची रात्रीची बस, औटला उतरायचं. बोगद्याच्या तोंडाशीच बंजारचा फाटा आहे. कंडक्टरला दोनदा सांगून ठेवा, पहाटे झोपेत बोगदा ओलांडून भुंतरला पोचलेले मी पाहिलेत. बसमधून उतरल्या दिवशी चालायला सुरुवात करू नका. गुशैणीत एक रात्र काढा, सामान पसरून पुन्हा भरा, गाईडबरोबर बसून नकाशा बघा.

सामानाची मोठी यादी देत नाही, तुमच्यापाशी आहे. तीन-चार गोष्टी बोलतो. हजार मीटर चढलं की तापमान सहा-साडेसहा अंशांनी उतरतं. गुशैणीत रात्री बारा अंश असेल तर तीरथला शून्याच्या खाली. स्लीपिंग बॅगवर उणे दहा लिहिलंय ते कशाचं ते नीट वाचा. आरामात झोपता येईल तो आकडा वेगळा असतो आणि जेमतेम जीव तगेल तो वेगळा. बॅगेइतकीच खालची मॅट महत्त्वाची, थंडी जमिनीतून येते. रात्री घालायचे कोरडे मोजे आणि बनियन प्लास्टिकच्या पिशवीत वेगळे, आणि काहीही झालं तरी ते दिवसा चालायला वापरायचे नाहीत. सॅकमध्ये जाड प्लास्टिकची मोठी पिशवी आतून लावा. रेनकव्हरच्या भरवशावर राहू नका. बूट नवे घेतले असतील तर आताच वापरायला काढा, चार-पाच चढाया त्यांत झाल्या पाहिजेत.

सॅटेलाइट फोन किंवा परदेशातून आणलेला सॅटेलाइट मेसेंजर कुणी देऊ केला तर नेऊ नका. परवानगीशिवाय ते बाळगणं आपल्याकडे गुन्हा आहे आणि त्यापायी लोकांना अटका झाल्यात. ड्रोनही नाही. मग निरोप कसा द्यायचा? चालत. गटातले दोन धडधाकट, त्यांतला एक स्थानिक, कागदावर निरोप घेऊन खाली जातात. त्यासाठी कोरा कागद नको. आधीच छापलेला न्या, ज्यात जखमीचं नाव, वय, काय झालं, केव्हा, शुद्धीवर आहे का, नेमका मुक्काम कुठे, वर किती माणसं आणि किती दिवसांचं रेशन, एवढ्या जागा भरायच्या असतील. घाबरलेल्या माणसाला तोंडी निरोप नीट सांगता येत नाही. खाली रेंज मिळाली की ११२.

नाले ओलांडणं ऑक्टोबरमध्ये फार कठीण जात नाही, तरी सांगतो. पूल नसेल तर सकाळी ओलांडा. बूट काढू नका, मोजे काढा आणि बूट घाला. सॅकचा कमरेचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकता येईल. तोंड प्रवाहाच्या वरच्या बाजूला, काठी पुढे, एका वेळी एकच आधार हलवायचा. पाणी मांडीला लागलं की परत या. आणि ओल्या ओंडक्यावरून चालण्यापेक्षा त्यावर बसून सरकत जाण्यात कसलाही कमीपणा नाही. तिथले पोर्टरही दहिवर पडल्यावर तसंच करतात.

अस्वलं आहेत, काळी आणि वर तपकिरी. दाट रिंगाळाच्या, म्हणजे बारीक डोंगरी बांबूच्या, बेटांतून, झाडोऱ्यातून जाताना बोलत जा, म्हणजे त्याला तुमची चाहूल लागते आणि ते बाजूला होतं. खाणं तंबूत ठेवू नका. बाकी जनावरं तुम्हाला दिसण्याआधी तुम्हाला बघून गेलेली असतात. पहाटे शिल्टच्या आसपास शांत बसलात तर मोनाल पक्षी नक्की दिसेल. जुजुराना, हिमाचलचा राज्यपक्षी, दिसला तर पार्कच्या लोकांनाही आनंदानं सांगा. मला इतक्या वर्षांत दोनदाच दिसलाय, दोन्ही वेळा आवाज न करता बसल्यामुळे. प्लास्टिकचा प्रत्येक कपटा मोजून वर न्या आणि मोजून खाली आणा. वाटेवरची बिच्छू बूटी हाताला लागली तर आग होते, चोळू नका, तासाभरात जाते.

तीरथला गेलातच तर तिथल्या हंसकुंडाजवळ बूट कुठे काढायचे, कुठलं पाणी प्यायचं आणि कुठल्यात हात घालायचा नाही, हे गाईडला विचारा. खोऱ्यातल्या गावांच्या देवता तिथे येतात. आपल्याकडे देवराईत कुणी कुऱ्हाड घेऊन शिरला तर कसं वाटेल, तसं त्यांना वाटतं.

तुमच्या जागी मी असतो तर असं केलं असतं. पहिला दिवस गुशैणीत. दुसरा रोला. तिसरा शिल्ट. चौथा रखुंडी करून परत शिल्ट. चौथ्या संध्याकाळी शिल्टला सगळे गोल बसायचं आणि प्रत्येकानं बोलायचं: जेवण किती गेलं, झोप कशी लागली, डोकं दुखतंय का. एकानंही नको म्हटलं तर नको, मतदान घ्यायचं नाही. पुढचे दिवस हाताशी असतील, हवा स्वच्छ असेल आणि पाचही जण सरळ रेषेत चालत असतील तर नाडाकडे. नाहीतर पाचव्या दिवशी रोला, सहाव्या दिवशी गुशैणी. या दुसऱ्या आराखड्यात सगळ्यात लांबच्या ठिकाणाहून जखमी माणूस दोन दिवसांत रस्त्याला लागतो. म्हणून सहा दिवस असतील तर मी हाच देतो.

आणि निघताना मुक्कामांची यादी, परवान्याची प्रत, गाईडचं नाव-गाव आणि एक ठरलेली वेळ असा कागद गुशैणीत जिथे उतराल तिथल्या घरमालकाकडे आणि तुमच्या घरी, दोन्हीकडे ठेवा. सहाव्या दिवशी संध्याकाळी पोचणार असाल तर कागदावर सातव्या दिवशी दुपारी बाराची वेळ लिहा. बारापर्यंत फोन आला नाही तर घरच्यांनी कुणाला, कोणत्या क्रमानं फोन करायचे ते नंबर त्याच कागदावर असू द्या. आणि खाली पोचल्यावर, अंघोळीच्याही आधी, पहिला फोन घरी.